चौकटीच्या काठावरचं तळणखेड

लातूरच्या त्या सरकारी इमारतीत थंड अशी एकच खोली होती, आणि त्या खोलीत महादेवी भुसनुरे दिवसभर एकटी बसायची.

एकटी म्हणजे तशी माणसांची ये-जा बरीच असे. उन्हाळा होता. कारकून, टँकरचे ठेकेदार, तालुक्याहून आलेले अधिकारी, कुणी ना कुणी दार ढकलून आत यायचं. चपला बाहेर काढाव्यात, आत हळू बोलावं, असं कुणी सांगितलेलं नव्हतं, पण देवळात शिरल्यासारखे सगळे तसंच वागायचे. "मॅडम, जरा टेकतो," म्हणत खुर्ची ओढायचे, डोळे मिटून थंड हवा अंगावर घ्यायचे आणि घाम वाळला की उठायचे. जाताना यंत्राकडे एकदा कौतुकानं बघायचे. यंत्रासमोर बसलेल्या बाईशी काय बोलावं हे कुणाला सुचत नसे, आणि महादेवीलाही सुचत नसे.

लातूर जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा निघून थोडीच वर्षं झाली होती. नव्या संसाराची असते तशी सगळी ओढाताण. कार्यालयं भाड्याच्या जागेत, निम्मी दप्तरं अजून जुन्या जिल्ह्यात पडलेली, पाट्या तेवढ्या ताज्या रंगाच्या. त्यात पावसानं लागोपाठ पाठ फिरवलेली. मांजरेच्या वाळूत बाया झिरे खोदून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. कोणत्या गावाला टँकर जातो आणि कोणत्या नाही, हे साहेबांना एका नजरेत कळावं म्हणून गावागणिक नकाशा संगणकावर घ्यायचं ठरलं. संगणक आला, त्याच्यासाठी हवा थंड करणारी पेटी आली, कागदावर पेनानं रेघा ओढणारं एक मशीन आलं, आणि हे सगळं चालवायला महादेवी आली.

ती उदगीरची. वडील शिवप्पा यांचं तिथे सरकी-पेंडीचं दुकान. घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी. आईला अव्वा म्हणायचं, वडिलांना अप्पा. गणितात पोरीचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं, आणि अप्पांना त्याचा असा अभिमान, की दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला ते पेंडीच्या भावाआधी पोरीचे मार्क सांगत. नांदेडला इंजिनीअरिंगचं कॉलेज निघालं तेव्हा भावकीतल्या कुणाचंही न ऐकता त्यांनी तिला तिथे घातलं. "शिकून येईल आणि माझ्याच दुकानात बसली तरी मला चालंल," असं ते म्हणत. ती शिकून आली आणि लातूरला या थंड खोलीत बसली.

गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत मल्लम्मा नावाच्या विधवा बाईच्या घरात तिनं एक खोली घेतली होती. मल्लम्मा दिवसभर नळाच्या नादात. पाणी कधी येईल याचा नेम नसे, म्हणून तोटी उघडीच ठेवायची, खाली पितळी घागर, आणि हवा सुसायला लागली की हातातलं टाकून पळायचं. संध्याकाळी महादेवी परत आली की ती एकच प्रश्न विचारी, "खाल्लीस का काही?" उत्तर ऐकायला मात्र थांबत नसे.

काम तसं चिकाटीचं होतं. जुन्या नकाशावर पारदर्शक कागद अंथरून शिवा गिरवायच्या, मग त्याच्याखाली चौकडीचा कागद सरकवायचा, आणि गावाची शीव जिथे जिथे वळते त्या प्रत्येक कोपऱ्याचा आडवा आकडा, उभा आकडा वाचून यंत्रात टंकायचा. असे कोपरे ओळीनं जोडत गेलं की गावाचा आकार तयार व्हायचा. औशाची गावं झाली, निलंग्याची झाली. महादेवीनं यातलं एकही गाव डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, पण कोणत्या गावाची शीव ओढ्याच्या बाजूनं दातरी आहे आणि कोणत्या गावाचा एक कोपरा शेजारच्यात घुसला आहे, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

अडचण पुढे होती. सबंध जिल्हा काही पडद्यावर मावत नसे. नकाशाची पत्रकं चौकोनी, एकावेळी एक पत्रक घ्यायचं. आता गावांना काय माहीत की पत्रक कुठे संपतं? कित्येक गावं काठावर यायची, अर्धी या पत्रकात, अर्धी पलीकडच्या. चौकटीबाहेरचा भाग कापून आतला तेवढा दाखवायचा होता. महादेवीनं सोपा रस्ता धरला. शिवेची एकेक रेघ घेतली, चौकटीबाहेर जाते तिथे तोडली, आणि आतला तुकडा काढला. पडद्यावर नकाशा सुरेख दिसला.

मग साहेब बघायला आले. बसवंतराव त्यांचं नाव, माणूस सज्जन, आवाज मोठा. त्यांच्या मागे दहा-बारा माणसं, सगळ्यांनी चपला बाहेर काढलेल्या. महादेवीनं टँकर लागणाऱ्या गावात लाल रंग भरायला सुरुवात केली. दोन गावं नीट भरली. तिसरं गाव काठावरचं होतं. त्याच्या शिवेच्या रेघा चौकटीपाशी तोडलेल्या, त्यामुळे त्या बाजूला गाव उघडंच राहिलं होतं. लाल रंग तिथून बाहेर पडला, पडद्याच्या कडेच्या कोऱ्या पट्टीत पसरला आणि काठावरच्या दुसऱ्या गावांच्या उघड्या बाजूंनी आत शिरायला लागला. बघता बघता काठाची सगळी गावं लाल झाली.

मग बसवंतराव म्हणाले, "मॅडम, दुष्काळ एवढा पसरलाय ते आम्हाला माहीतच नव्हतं."

सगळे हसले. साहेबांच्या मनात काही वाईट नव्हतं, जाताना त्यांनी "होईल, होईल, घाई नाही," असंही सांगितलं. पण दार बंद झाल्यावर महादेवी कितीतरी वेळ त्या लाल पडद्यासमोर बसून राहिली. चूक काय ते तिला त्याच क्षणी कळलं होतं. गाव म्हणजे नुसत्या रेघा नव्हेत. रेघा तोडल्या तर गाव फुटतं. तोडायचं ते आख्खं गाव, आणि तोडल्यावरही त्याची शीव चारी बाजूंनी मिटलेली राहिली पाहिजे. चौकटीची रेघ आधी ओढून पडद्यापुरती वेळ मारून नेता आली असती, पण पेनाच्या मशीनला रंग ओतता येत नाही. त्याला क्रमानं कोपरेच द्यावे लागतात. आणि कापल्यावर जे नवे कोपरे तयार होतात ते तर तिच्याकडे नव्हतेच.

हे कुणाला सांगावं? कॉलेजात असताना असं काही अडलं की व्यंकट असायचा. व्यंकट देगलूरचा, घरी तेलुगू बोलणारा, डोक्यानं तल्लख आणि स्वभावानं घाईचा. कॉलेजातलं यंत्र एकच, पाळी लागायची, आणि त्या दोघांची पाळी एकत्र असे. वाट बघत दोघं पायऱ्यांवर बसत. महादेवीच्या डब्यातली भाकरी आणि शेंगांची चटणी तो न विचारता खायचा, आणि बदल्यात तिच्या प्रोग्रॅममधली चूक शोधून द्यायचा. ती त्याची शोधायची. इतकंच. त्यापलीकडे दोघांत कधी काही बोलणं झालं नाही. जातीनं वेगळे, भाषेनं वेगळे, बोलून काही होण्यासारखं नव्हतं हे दोघांनाही माहीत असावं. परीक्षा झाल्यावर तो नांदेडलाच, वडलांनी तिथे काढलेल्या मोटारपंपाच्या दुकानात बसला. त्याच्या लग्नाची पत्रिका आली होती. महादेवी गेली नव्हती.

तोड सापडली ती एका पोस्टकार्डामुळे. अप्पांना चार ओळी खरडायला घेतलेलं कोरं कार्ड तिनं सहज गावाच्या आकारावर ठेवलं. डावी बाजू झाकली गेली. उरलेल्या गावाची कड कार्डाच्या कडेनं सरळ झाली होती. तिनं तो उरलेला आकार पेन्सिलीनं काढला. मग त्या नव्या आकारावर उजवीकडून कार्ड ठेवलं. मग वरून. मग खालून. चारही बाजू एकदम बघायच्याच नाहीत. एका वेळी एकाच कडेनं आख्खं गाव कापायचं, आणि जे उरेल ते पुढच्या कडेच्या हवाली करायचं.

मग राहिलं ते शिवेवरून कोपऱ्याकोपऱ्यानं चालत जाणं, आणि शीव जिथे कड ओलांडते तो छेद टिपणं. मल्लम्माच्या अंगणात ती फेऱ्या मारत स्वतःशी घोकायला लागली, "आतून आत गेलं तर कोपरा घे. आतून बाहेर गेलं तर छेद घे. बाहेरून बाहेर, काही नाही. बाहेरून आत आलं तर आधी छेद घे, मग कोपरा घे."

मल्लम्मा नळापाशी घागर धरून बसली होती. ती म्हणाली, "कुणाला आत घेऊन राहिलीस गं? दार तर लावलेलं हाय."

"कुणाला नाही, अक्का. हिशोब करतेय."

"हिशोब मनात करावा. एकट्या बाईनं असं मोठ्यानं बोलू न्हाई, लोकं नावं ठेवतात."

पुढच्या आठवड्यात प्रोग्रॅम चालला. काठावरची गावं कापली जाऊनही मिटलेली राहिली, रंग जिथल्या तिथे थांबला. पेनाचं मशीन कुरकुरत एकेक पत्रक काढायला लागलं. प्रत्येक पत्रकात गावाचा जो तुकडा येईल त्याच्या मधोमध टँकर कुठे न्यायचा याचा एक ठिपका पडायचा, आणि पत्रकं थेट टँकरच्या चालकांकडे जायची. बसवंतराव खूश झाले. त्यांनी चहा मागवला, सगळ्यांना पाजला आणि मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायला एक नकाशा चौकटीत बसवून घेतला.

महादेवीला मात्र काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. काम झालं होतं, शाबासकी मिळाली होती. पण ते कसं झालं, ती चार वाक्यं कशी एकाच वेळी सगळ्या गावांना पुरून उरतात, हे कुणी विचारलं नव्हतं. अप्पांना सांगितलं असतं तर ते दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगत बसले असते, समजलं मात्र नसतं. रविवारी सकाळी ती उठली, केस विंचरले आणि कुणाला न सांगता नांदेडच्या एस.टी.त बसली.

चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. खिडकीबाहेर काळी रानं भेगाळून पडलेली, बाभळीखाली जनावरं माना टाकून उभी. लोह्याला गाडी थांबली तेव्हा तिला एकदा वाटलं, उतरावं आणि परतीची गाडी धरावी. ती उतरली नाही.

व्यंकटचं दुकान शोधायला वेळ लागला नाही. बाहेर बैलगाड्या, ट्रॅक्टर, माणसांची झुंबड. ज्याच्या त्याच्या बोअरचं पाणी खोल गेलेलं, ज्याला त्याला जास्त ताकदीची मोटार पाहिजे. व्यंकटनं तिला बघितलं आणि क्षणभर हातातला पाना तसाच धरून उभा राहिला.

"महादेवी? तू कशी काय?"

"कामानं आले होते." हे खोटं होतं.

त्यानं तिला दुकानामागच्या घरात नेलं. त्याच्या बायकोनं, सिंधूनं, पाणी दिलं, पोहे केले. हसतमुख, नीटस बाई. "हे तुमचं नाव नेहमी घेतात. लई हुशार होत्या म्हणतात," असं ती म्हणाली. महादेवीनं पर्समधून कागद काढला, गाव काढलं, चौकट काढली आणि सांगायला लागली.

ती दोन वाक्यं बोलली असेल नसेल, तोच व्यंकट पुढे सरकून बसला. तिसऱ्या वाक्याला त्यानं तिच्या हातातली पेन्सिल घेतली. "म्हणजे एका कडेचं उरलेलं दुसऱ्या कडेला खायला द्यायचं. वा. आणि चारही कडांना नियम तेच."

"तेच."

तो कागदाकडे बघत राहिला. कॉलेजच्या पायऱ्यांवर बघायचा तसाच, मान जराशी तिरपी करून. मग त्यानं कोपऱ्यात एक आकार काढला, घोड्याच्या नालेसारखा वाकलेला, आणि त्याची फक्त दोन टोकं चौकटीच्या आत येतील अशी कड मारली. "असं वाकडं गाव असलं तर? बाक बाहेर गेला. आत दोन टोकं उरली. तुझा प्रोग्रॅम दोन तुकडे देईल का एक?"

महादेवीनं कागद स्वतःकडे ओढून घेतला.

तेवढ्यात दुकानातून हाक आली, "शेठ, कंधारचे पाव्हणे खोळंबलेत." व्यंकट उठला. "बस तू, आलोच," म्हणाला. तो खरंच येणार होता, पण एकामागून एक गिऱ्हाईक येत राहिलं. दारातून त्याचा आवाज ऐकू येत होता, भाव सांगणारा, हमी देणारा. सिंधूनं विचारलं, "अजून चहा टाकू का?" महादेवी नको म्हणाली. निघताना ती दुकानातून गेली तेव्हा त्यानं हात उंचावला आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून म्हणाला, "कळव मला, एक येतो का दोन ते."

तिनं मान हलवली. कळवायचं नाही, हे तिचं तिथेच ठरलं. का, ते तिला सांगता आलं नसतं. जगात एकाच माणसाला ते बोलणं कळत होतं, आणि त्याला आता त्यासाठी वेळ नव्हता. यात त्याचा काही दोष नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

परतीच्या गाडीत तिनं मांडीवर कागद ठेवून त्या वाकड्या गावाच्या कोपऱ्यांवरून चालून पाहिलं. आतून बाहेर, छेद. बाहेरून बाहेर, काही नाही. बाहेरून आत, छेद. पहिल्या टोकातून बाहेर पडलेली रेघ चौकटीच्या कडेकडेनं सरळ दुसऱ्या टोकात जात होती. दोन टोकं सुटी व्हायच्याऐवजी केसाएवढ्या रेघेनं एकमेकांना जोडलेली राहात होती. रेघ चौकटीवरच पडणार, डोळ्यांना दिसणारही नाही. पण यंत्राच्या लेखी तो एकच तुकडा. एक तुकडा म्हणजे एक ठिपका. आणि मधोमध काढलेला तो ठिपका पडणार दोन टोकांच्या मधल्या जागेत, जिथे त्या गावाचं कुणीच राहात नाही.

अशी वाकडी गावं किती असतील? कार्यालयात जाऊन तिनं पत्रकं पुन्हा चाळली. बहुतेक गावं सरळ होती. एक मात्र तसं निघालं, तळणखेड. जळकोटच्या बाजूचं, शेजारच्या गावाच्या माळाला तिन्ही बाजूंनी वळसा घालून बसलेलं. पत्रकात त्याची दोन टोकं आली होती, आणि टँकरचा ठिपका शेजारच्यांच्या ओसाड माळावर पडला होता.

टँकरचा चालक मलप्पा इमारतीच्या मागे सावलीत बिडी ओढत बसलेला सापडला. तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तिथं माळावर माणूस न्हाई का काणूस न्हाई, मॅडम. मग मी आपला डाव्या हाताच्या गावात टाकतो पाणी. कागदावर एकच हाय म्हटल्यावर एकच खेप."

"आणि उजव्या हाताला?"

"तिकडं वस्ती हाय जराशी. त्यांचं काय ते मला म्हाईत न्हाई."

दुसऱ्या दिवशी ती त्याच्याच टँकरमध्ये बसून गेली. नकाशावरच्या गावात ती पहिल्यांदाच पाय ठेवत होती. मलप्पा नेहमीच्या गावात पाणी ओतायला थांबला, आणि कागदावर बोटभर असलेला माळ प्रत्यक्षात पायी पार करायला उन्हात तिचा जीव मेटाकुटीला आला. पलीकडे पंधरा-वीस घरांची वस्ती, बहुतेक दारांना कड्या. एका दारात विठाबाई नावाची म्हातारी वाळल्या तुरीच्या काड्या मोडत बसली होती.

"तुमी सरकारातल्या का?" तिनं विचारलं.

"हो. नकाशे काढते."

"काढा की. हितं काय हाय काढायला."

महादेवी सावलीला बसली. पाणी कुठून आणता, असं तिनं विचारलं. माळ उतरून खालच्या ओढ्यातल्या झिऱ्यावरून, म्हातारी म्हणाली. सकाळी एक घागर, दिवस कलला की एक. तिच्या पायाला चिंधी गुंडाळलेली होती.

"कागदावर तुमची वस्ती आणि पलीकडचं गाव एकच दिसत होतं," महादेवी म्हणाली. "माझ्या हातून तसं झालं. म्हणून टँकर तिकडंच जात राहिला."

विठाबाईला आधी ते कळलं नाही. कळलं तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. "एकच? अगं बाई, आमचं त्यांचं बोलणं बंद हाय. माझं लगीन व्हायच्या आधीपासनं. गावदेवाच्या मानावरनं भांडले ते भांडले. आन् तू आमाला एक केलंस?"

"चुकून."

"चुकून का व्हईना." हसणं ओसरल्यावर ती काड्या मोडत राहिली. मग म्हणाली, "पोरं उसाला गेल्यात, कारखान्याच्या बाजूला. सुना बी गेल्या. मी आन् दोन-चार म्हातारे हाव. टँकर येईल तवा येईल. तू बस जरा. माणूस आलं की बरं वाटतं."

महादेवी बसली. विठाबाईनं गुळाचा खडा आणि पेलाभर पाणी पुढे केलं. ते पाणी कुठून आलं हे माहीत असताना ते पिणंही जमेना आणि नको म्हणणंही जमेना. तिनं एक घोट घेतला. माळावरून मलप्पानं हॉर्न वाजवला तेव्हा ती उठली.

बसवंतरावांना तिनं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, तळणखेडच्या वस्तीला वेगळी खेप लावायचा हुकूम तिथल्या तिथे केला आणि म्हणाले, "तुम्ही स्वतःहून सांगितलं म्हणून. नाहीतर हे कुणाच्या लक्षात आलं नसतं."

"वस्तीच्या आलं होतं, साहेब," महादेवी म्हणाली.



नवी खेप सुरू झाली, तरी प्रोग्रॅममधली खोट तशीच होती. पुढची पत्रकं यायची होती, त्यात आणखी वाकडी गावं असणार. ती दुरुस्त करायला तिला पहिल्या प्रोग्रॅमपेक्षा जास्त दिवस लागले. शेवटी तिनं असं केलं, की कडेवर जितके छेद पडतात ते सगळे कडेच्या क्रमानं ओळीत लावायचे आणि जोडीजोडीनं जुळवायचे. पहिला दुसऱ्याशी, तिसरा चौथ्याशी. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये जी जागा राहील ती दोन्ही तुकड्यांपैकी कुणाचीच नाही. मग एका जोडीपासून चालायला लागायचं आणि पुन्हा तिथेच आलं की तो तुकडा मिटवायचा. उरलेले कोपरे दुसऱ्या तुकड्याचे.

ज्या दुपारी ते जमलं, त्या दुपारी खोलीत एक ठेकेदार डोळे मिटून बसलेला होता. पडद्यावर तळणखेडचा एक तुकडा आला, भरला, त्यात ठिपका पडला. मग दुसरा आला, भरला, त्यातही ठिपका पडला. मधली जागा कोरी राहिली.

"हे बघा," महादेवी म्हणाली. आपला आवाज तिला अनोळखी वाटला. "दोन झाले."

ठेकेदारानं डोळे उघडले, पडद्याकडे बघितलं. "हां, मॅडम," तो म्हणाला, आणि आपल्याला उठायला सांगितलं असं समजून बाहेर गेला.

पुढे पाऊस पडला. टँकर थांबले आणि नकाशाचं कामही थांबलं. बसवंतरावांची बदली झाली, त्यांच्या जागी आलेल्या साहेबांनी ती थंड खोली स्वतःच्या बसण्यासाठी घेतली. महादेवीचा करार संपला. पुण्याहून एका कंपनीचं बोलावणं आलं होतं, पण अप्पांच्या छातीत दुखायला लागलं त्याच सुमारास, आणि तिनं जवळपासचंच काहीतरी धरायचं ठरवलं. लातूरच्या एका खाजगी तंत्रसंस्थेत तिला शिकवायची नोकरी मिळाली. स्थळं येत होती. निलंग्याच्या एका घरी मुलाच्या चुलत्यानं विचारलं, "मुलगी नेमकं करते काय?" शिवप्पांनी छाती काढून सांगितलं, "नकाशे कापते." ते स्थळ पुन्हा फिरकलं नाही. नंतर नंतर स्थळंही यायची थांबली, आणि कुणी त्याबद्दल विचारायचंही थांबलं.

शिवप्पा गेले. पेंडीचं दुकान चुलत भावाकडे गेलं. भूकंप झाला त्या साली महादेवी संस्थेतल्या इतरांबरोबर किल्लारीला धान्य वाटायला गेली आणि आठवडाभर राहिली. एवढ्या माणसांत एवढे दिवस ती आयुष्यात पहिल्यांदाच राहिली असेल. परत आल्यावर बरेच दिवस तिला स्वतःच्या खोलीत झोप लागत नव्हती.

शेवटी तिनं औसा रोडला दोन खोल्यांचं घर बांधलं आणि अव्वाला उदगीरहून घेऊन आली. अव्वा, म्हणजे नागम्मा, तेव्हा फार थकली होती, ऐकू कमी येत होतं. संध्याकाळी महादेवी वह्या तपासत बसे आणि अव्वा शेजारी पाटावर बसून वाती वळत असे. एकदा नागम्मानं मान वर करून विचारलं, "एवढं काय लिहितीस गं रोज?"

"पोरांनी लिहिलंय, अव्वा. मी चुका बघते."

"सापडतात का?"

"सापडतात."

नागम्मानं वातींची जुडी बांधली, ती डब्यात टाकली आणि म्हणाली, "मग ठेव आता. भाकरी टाक, भूक लागलीय."

महादेवीनं वही मिटली आणि परातीत पीठ घेतलं.